विनामूल्य स्वरांचे मोल : सियालदह आणि आकाशवाणी

बहुतेक मराठी प्रवाशांच्या लेखी कोलकात्याचे दार म्हणजे हावडा स्थानक. मुंबई-नागपूरकडील गाड्या तेथे पोहोचतात, समोर हुगळीवरचा पोलादी पूल दिसतो आणि कोलकाता आले असे वाटते. शहराचे दुसरे मोठे स्थानक, सियालदह, आपल्या वाट्याला क्वचितच येते. १८६२ साली पूर्व बंगालकडे जाणारा लोहमार्ग येथून सुरू झाला. फाळणीनंतर त्याच बाजूने आलेल्या निर्वासितांचे लोंढे या फलाटांवर उतरले आणि कित्येक कुटुंबांनी तेथेच संसार मांडले. स्थानकाजवळ बैठकखाना बाजार आहे. वडाच्या सावलीत व्यापारी विसाव्यास बसत म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. थोडे पश्चिमेस गेले की बहूबाजारातील सोनारांच्या पेढ्या लागतात. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातील गलाई कारागीर देशभरातील ज्या सराफी पेठांत पोहोचले, त्यांत कोलकाताही आहे. म्हणजे हा परिसर मराठी माणसाला अगदीच परका नाही.

याच सियालदहच्या परिसरात डिक्सन लेन नावाची एक गल्ली आहे. तेथील २५ क्रमांकाचे घर पंडित ज्ञानप्रकाश घोष (१९०९–१९९७) यांचे. तबला, संवादिनी, गायन आणि संगीतरचना या सर्व क्षेत्रांत संचार करणाऱ्या या गुणी कलावंताच्या घरी भरणाऱ्या बैठकींची ख्याती देशभर होती. उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांच्यासारखे गवई तेथे मुक्कामाला असत. तरुण वादक तेथे साथ करण्यास शिकत आणि जाणकार श्रोते रात्ररात्र बसून ऐकत. घरच्या बैठकीला तिकीट नसते. ऐकणाऱ्याला गाणे विनामूल्य मिळे. यजमानाला मात्र त्यासाठी घर, वेळ, पैसा आणि मन सारेच मोकळे करावे लागे.

आज भ्रमणध्वनीवर बोट टेकवले की जगातील कोणत्याही नभोवाणी केंद्रावरचे अभिजात संगीत घरबसल्या, एक पैसाही न देता ऐकता येते. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज जेथे कोठे असतील, तेथे त्यांच्या कानी यमन किंवा तोडी पोहोचू शकते. या सोयीचे आपल्याला आता नवलही वाटेनासे झाले आहे. म्हणूनच हीरक महोत्सवाच्या या प्रसंगी एक जुना हिशेब मांडून पाहावासा वाटतो. हे विनामूल्य गाणे आपल्यापर्यंत कसे आले, आणि आपण ऐकले तेव्हा त्याची किंमत कोणी मोजली?

दहा रुपयांचा परवाना

भारतात संघटित स्वरूपात नभोवाणी सुरू झाली ती १९२७ साली. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी संस्थेचे मुंबई केंद्र त्या वर्षी २३ जुलै रोजी आणि कोलकाता केंद्र २६ ऑगस्ट रोजी सुरू झाले. दोन्ही केंद्रांची शक्ती दीड किलोवॅट एवढीच होती. कोलकात्याचे केंद्र गार्स्टिन प्लेस येथील एका जुन्या इमारतीत होते. १९५८ साली ईडन गार्डन्सजवळच्या नव्या वास्तूत जाईपर्यंत बंगालच्या नभोवाणीचा सारा आरंभीचा इतिहास त्याच इमारतीत घडला. या केंद्राच्या संगीत विभागाची उभारणी करण्यात बहूबाजारातील बोराल घराण्यातील राईचंद बोराल यांचा मोठा वाटा होता. पुढे ते चित्रपटसंगीतात गाजले, पण त्यांचे घर रागदारीचे होते.

ऐकणे त्या काळी फुकट नव्हते. यंत्र परदेशातून येई आणि ते बाळगण्यासाठी वर्षाला दहा रुपयांचा परवाना घ्यावा लागे. कंपनीचे उत्पन्न मुख्यतः त्या शुल्कावर अवलंबून होते. सामान्य नोकरदाराला दहा रुपये ही मोठी रक्कम होती. परिणामी तीन वर्षांत साऱ्या देशातील परवान्यांची संख्या कशीबशी आठ हजारांच्या जवळपास गेली आणि १ मार्च १९३० रोजी कंपनीचे दिवाळे निघाले. सरकारने केंद्रे आपल्याकडे घेतली खरी, पण आर्थिक मंदीचे कारण पुढे करून ऑक्टोबर १९३१ मध्ये ती बंद करण्याचा हुकूमही काढला.

येथे श्रोते उभे राहिले. यंत्रविक्रेत्यांनी निवेदने दिली, वृत्तपत्रांनी लिहिले. बंगालमधून झालेला विरोध विशेष तीव्र होता. महिन्या-दीड महिन्यात सरकारला हुकूम मागे घ्यावा लागला. आयात यंत्रांवरील जकात वाढवून खर्चाची तोंडमिळवणी करण्यात आली आणि १९३२ साली नभोवाणी चालू ठेवण्याचा निर्णय कायम झाला. १९३६ साली तिला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. या प्रकरणाचा उल्लेख आज फारसा कोणी करीत नाही. पण संख्येने मूठभर असलेल्या श्रोत्यांनी त्या वेळी हाक दिली नसती, तर आपल्या आई-वडिलांनी सकाळी ऐकलेली भूपाळी आणि रात्री ऐकलेला दरबारी कानडा कदाचित त्यांच्या कानी पडलाच नसता.

त्याच सुमारास कोलकाता केंद्राने महालयेच्या पहाटे ‘महिषासुरमर्दिनी’ हा कार्यक्रम सुरू केला. वीरेंद्रकृष्ण भद्र यांच्या आवाजातील ते चंडीपठण आणि त्यामधील रागाधारित गीते ऐकण्यासाठी बंगाली घरे आजही काळोख असताना जागी होतात. मराठी वाचकांना याचे महत्त्व समजावे म्हणून पुणे आकाशवाणीच्या ‘गीतरामायणा’चे स्मरण पुरे आहे. १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर चाललेल्या त्या छप्पन्न गीतांच्या वेळी यंत्र असलेल्या घरी शेजारपाजारची माणसे जमत. परवाना एकाचा आणि कान साऱ्या वाड्याचे, असा तो व्यवहार होता.

पेटीवरील बंदी

सर्वांसाठी खुले झालेले हे नवे माध्यम काय ऐकवायचे आणि काय वगळायचे हेही ठरवू लागले. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने संवादिनीवर, म्हणजे आपल्या पेटीवर, बंदी घातली. आक्षेप असा होता की, पेटीचे स्वर ठरावीक पट्ट्यांत बांधलेले असतात. त्यांतून मींड निघत नाही, श्रुतींचे बारकावे निघत नाहीत आणि तिच्या साथीने गायकाचा गळाही बिघडतो. दिल्ली केंद्रावरील पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनी १९३८ सालीच पेटीविरुद्ध लिहिले होते. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनातून पेटी हद्दपार केली होती आणि बंदीच्या आधी काही आठवडे कोलकाता केंद्राला पत्र लिहून त्यांनी आपले मत कळवले होते.

गंमत अशी की, ज्या शहरातील केंद्राला हे पत्र गेले, तेच शहर भारतीय हातपेटीचे माहेर होते. १८७५ साली कोलकात्यात ‘द्वारकिन’ ही वाद्यांची पेढी द्वारकानाथ घोष यांनी सुरू केली. पायाने भाता हलवण्याच्या युरोपीय वाद्याचे त्यांनी जमिनीवर मांडी घालून, एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या वाजवता येतील अशा सुटसुटीत वाद्यात रूपांतर केले. ही पेटी कीर्तनात, भजनात, नाटकगृहात आणि घरोघरी पोहोचली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाने तिला महाराष्ट्रात बैठकीची प्रतिष्ठा मिळवून दिली. द्वारकानाथांचे नातू म्हणजेच डिक्सन लेनचे ज्ञानप्रकाश घोष.

ज्ञानप्रकाश हे स्वतः उत्तम संवादिनीवादक होते. तबल्याचे शिक्षण त्यांनी फरुखाबाद घराण्याच्या उस्ताद मसीत खाँ यांच्याकडे घेतले होते. तरुणपणी त्यांना खेळांची आणि चित्रकलेची ओढ होती. फुटबॉलच्या सामन्यात डोळ्याला इजा झाली आणि ते सारे सुटले. मग संगीत हेच त्यांचे आयुष्य झाले. पुढे सुमारे पंधरा वर्षे ते कोलकाता आकाशवाणीवर संगीताचे निर्माते होते. पेटीवरील बंदी त्या काळात चालूच होती. आजोबांनी घडवलेले वाद्य नातवाच्या कार्यालयात निषिद्ध होते आणि संध्याकाळी घरी ते मानाने वाजत असे. बंदी १९७० नंतर टप्प्याटप्प्याने सैल झाली. साथीला परवानगी मिळाली, तरी एकलवादनाची वाट त्यानंतरही दीर्घकाळ अडलेलीच राहिली.

या बंदीला दुसरी बाजूही होती. कोठीच्या गाण्याबरोबर जोडले गेल्याने उपेक्षित झालेल्या सारंगीवादकांना आकाशवाणीच्या नोकरीने आधार दिला. तंबोरा आणि सारंगी यांचा निर्मळ मेळ ज्यांनी जुन्या मुद्रणांत ऐकला आहे, त्यांना बंदी घालणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार वाटणार नाही. तरीही ज्या पेटीने सामान्य घरांत स्वरज्ञान पोहोचवले, तिला तीन दशके नभोवाणीवर स्थान नव्हते, ही गोष्ट उरतेच. सरकारी आश्रयाने गाणे सर्वांना मिळाले. कोणते गाणे मिळावे, हे मात्र मोजकी माणसे ठरवीत होती.

मराठी माणसांचा वाटा

ठरवणाऱ्यांमध्ये मराठी माणसे बरीच होती. पुण्यात जन्मलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री होते. संस्थाने विलीन झाली होती. बडोदे, कोल्हापूर, रामपूर, मैहर येथील दरबारांचा आश्रय संपला होता. बंगालमध्ये १९५३च्या कायद्याने जमीनदारीही गेली. गवयांनी जावे कोठे, हा त्या काळचा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर म्हणून आकाशवाणी उभी राहिली. जुलै १९५२ मध्ये शनिवारच्या रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली. कलावंतांच्या श्रेणी ठरवण्यासाठी ध्वनिपरीक्षेची पद्धत आली. तिच्या मंडळाची धुरा भातखंडे यांचे शिष्य डॉ. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे होती. नावाजलेल्या कलावंतांनाही परीक्षेस बसावे लागणार म्हणून मोठे वादळ उठले.

केसकरांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ थारा दिला नाही. श्रोत्यांनी मग सिलोन केंद्राचा काटा शोधला आणि शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. शास्त्रीय संगीत लोकांवर लादता येत नाही, हा त्यातून मिळालेला धडा. पुढे त्याच विविध भारतीवरील ‘संगीत सरिता’ या सकाळच्या छोट्या कार्यक्रमाने चित्रपटगीतांच्याच आधारे राग ओळखायला शिकवले. ते लादणे नव्हते, बोट धरणे होते. असंख्य घरांत रागांची पहिली ओळख याच कार्यक्रमाने करून दिली.

पडद्यामागच्या या निर्णयांबरोबरच प्रत्यक्ष सुरांची देवघेवही चालू होती. पंडित विष्णू गोविंद जोग (१९२२–२००४) हे मराठी व्हायोलिनवादक रातंजनकरांच्या तालमीत वाढले, लखनौला अध्यापन केले, बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचेही मार्गदर्शन घेतले आणि आकाशवाणीच्या सेवेच्या निमित्ताने कोलकात्यात आले ते कायमचे. तेथेच त्यांचे निधन झाले. व्हायोलिनही पेटीइतकेच परदेशी. परंतु त्याच्या तारेवरून मींड निघते, म्हणून नभोवाणीने त्याला प्रथमपासून आपले मानले. नभोवाणीने स्वीकारलेल्या व्हायोलिनचे जोग आणि नभोवाणीने नाकारलेल्या संवादिनीचे ज्ञानप्रकाश या दोघांनी जुगलबंदी केली आणि तिची ध्वनिमुद्रिकाही निघाली. वादाचा निकाल लावण्याचा कलावंतांचा मार्ग हाच असावा.

याच देवघेवीची उलट दिशाही पाहण्यासारखी आहे. ज्ञानप्रकाशांकडे तबला शिकलेले निखिल घोष मुंबईत स्थिरावले आणि १९५६ साली त्यांनी ‘संगीत महाभारती’ ही संस्था काढली. त्याआधीपासून केसरबाई केरकर आणि हिराबाई बडोदेकर यांच्या गायनावर कोलकाता लुब्ध होते. केसरबाईंना ‘सूरश्री’ म्हणून गौरवले ते कोलकात्याच्या रसिकांनीच. अगदी अलीकडच्या काळात पंडित उल्हास कशाळकर यांनी कोलकात्याच्या टॉलीगंज येथील संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून दीर्घकाळ शिष्य घडवले. त्याआधी त्यांनीही काही वर्षे आकाशवाणीत नोकरी केली होती. नभोवाणी ऐकवीत होती आणि त्याच वेळी कलावंतांच्या चुली पेटत्या ठेवीत होती, हे या नावांवरून ध्यानात येते.

परवान्याकडून महाजालाकडे

ज्या साठ वर्षांचा हा महोत्सव आहे, त्या काळाच्या आरंभी शाळेत असलेल्या विद्यार्थ्यांना टपाल कचेरीत नेऊन शिक्का मारून आणायचे रेडिओच्या परवान्याचे पुस्तक आठवत असेल. १९३३च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय यंत्र बाळगणे हा गुन्हा होता. त्यानंतरच्या विद्यार्थ्यांच्या हाती ट्रान्झिस्टर आला. १९८०च्या दशकाच्या मध्यास परवान्याची पद्धतच संपली आणि ऐकणे खऱ्या अर्थाने विनामूल्य झाले. खर्च मात्र संपला नाही. तो सरकारी तिजोरीवर, म्हणजे सर्व करदात्यांवर गेला.

त्यापुढचा बदल महाजालाने घडवला. ७ नोव्हेंबर १९९४ रोजी अमेरिकेतील चॅपल हिल येथील विद्यापीठाच्या डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थी-केंद्राने आपले प्रक्षेपण महाजालावरून ऐकवण्यास प्रारंभ केला. लहरींची मर्यादा त्या दिवशी ओलांडली गेली. आता आकाशवाणीची बहुतेक केंद्रे अशीच ऐकता येतात. कोलकात्यातील मराठी कुटुंबाला मुंबई-पुण्याचे केंद्र मिळते आणि पुण्यातील बंगाली कुटुंबाला कोलकात्याची महालयेची पहाट. जानेवारी २०१६ मध्ये आकाशवाणीने ‘रागम’ ही चोवीस तास केवळ हिंदुस्थानी व कर्नाटक संगीताला वाहिलेली वाहिनी सुरू केली. दीड किलोवॅटच्या गार्स्टिन प्लेसला जे स्वप्नातही शक्य नव्हते, ते खिशातील यंत्रावर आले.

न्यूयॉर्कच्या डब्ल्यूक्यूएक्सआर या १९३६ पासूनच्या अभिजात संगीताच्या केंद्राची कथा येथे उपयोगी पडेल. १९४४ पासून ते एका मोठ्या वृत्तपत्राच्या मालकीचे होते. २००९ साली वृत्तपत्राने ते विकले, तेव्हा ते सार्वजनिक नभोवाणीकडे आले आणि श्रोत्यांच्या वर्गणीवर चालू लागले. ऐकायला आजही कोणी पैसे मागत नाही. ज्यांना परवडते ते देतात, म्हणून इतरांना विनामूल्य ऐकता येते. १९३१च्या बंगालमधील श्रोत्यांनी आवाज देऊन जे केले, ते येथे वर्गणी देऊन होते. दोन्हींचा अर्थ एकच आहे. ज्याला मागणी उरली नाही असे केंद्र कोणीही सहज बंद करू शकतो.

आणखी एक योगायोग नोंदवावासा वाटतो. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. त्यानंतर ते मुद्रण समाजाचे होते. म्हणजे हीरक महोत्सव हा कायद्याच्या दृष्टीनेही मुद्रित स्वरांच्या मुक्ततेचा काळ ठरतो. साठ वर्षांपूर्वी निघालेली एखाद्या गवयाची ध्वनिमुद्रिका जेव्हा आज आपल्यापर्यंत मोकळेपणाने पोहोचते, तेव्हा तिच्या निर्मात्याला, वादकांना आणि ती जपणाऱ्या संग्राहकांना मिळालेला किंवा न मिळालेला मोबदला तिच्या मागे उभा असतो.

या सर्व इतिहासातून पालकांसाठी एक साधी गोष्ट निघते. पूर्वी यंत्र एक आणि वेळ ठरलेली असल्यामुळे घरातील लहान-थोर एकत्र बसून ऐकत. मुलाला राग कळला नाही तरी आजोबांची मान कोठे हलली हे दिसत असे. आज प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र यंत्र आहे आणि हवे ते हवे तेव्हा मिळते. मिळण्याची अडचण संपली, पण ऐकण्याची सवय आपोआप लागत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक राग, सारे घर एकत्र आणि मध्ये यंत्र न बदलता अर्धा तास एवढे जरी पाळता आले, तरी जुन्या दहा रुपयांच्या परवान्याइतके मोल आपण चुकवले असे होईल. आवडलेला कार्यक्रम ऐकल्यावर त्या केंद्राला चार ओळी लिहिण्याची प्रथा पूर्वी होती. टपालाच्या पत्राचे पोस्टकार्ड आता नसेल, तरी चार ओळी लिहिता येतात. केंद्र चालवणाऱ्यांना आपल्यासाठी कोणीतरी ऐकत आहे हे कळते ते अशाच ओळींनी.

शाळा आणि नभोवाणी यांचे एक नाते आहे. दोन्हींकडून मिळते ते एका पिढीच्या खर्चाने पुढच्या पिढीला मिळते आणि घेणाऱ्याला त्या वेळी त्याचा हिशेब ठाऊक नसतो. आपल्या शाळेने साठ वर्षे जे दिले, त्याची पावती फाडता येत नाही. ते पुढे देत राहणे एवढेच करता येते.